लीगचा पुढचा संघ कुठे असावा?

सामान्यज्ञानाच्या तासाला सरांनी प्रश्न विचारला, "वाळवंटातल्या एका शहरात बर्फावरच्या हॉकीचा व्यावसायिक संघ आहे. शहर कोणते?" वर्गात हशा पिकला. वाळवंटात बर्फ कुठला? उत्तर होते लास व्हेगास. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत मिळून चालणाऱ्या नॅशनल हॉकी लीगने २०१७ मध्ये तिथे आपला एकतिसावा संघ काढला. बत्तिसावा संघ २०२१ मध्ये सिॲटलला निघाला. या लीगमध्ये नुसता प्रवेश मिळवण्यासाठी सिॲटलच्या मालकांना ६५ कोटी डॉलर मोजावे लागले.

सरांनी लगेच गृहपाठ दिला. प्रत्येकाने आपल्या आवडीचा खेळ घ्यायचा आणि त्या खेळाच्या लीगने पुढचा संघ कुठे काढावा याचे 'ॲप्रिसिएशन' लिहायचे. पालकांसाठी सांगतो, सैन्यात कुठलाही निर्णय घेण्याआधी परिस्थितीचा असा लेखी विचार करतात. आधी उद्दिष्ट, मग त्यावर परिणाम करणारे घटक, मग समोरचे पर्याय आणि शेवटी निवड. क्रम बदलायचा नाही. निवड आधी ठरवून मग कारणे शोधणे ही यातली सर्वांत मोठी चूक मानली जाते.

मी कबड्डी घेतली आणि नेमकी तीच चूक केली. उत्तर मी आधीच ठरवले होते : कुंभकोणम.

कुंभकोणमच का?

आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी भारतभर पांगली आहेत. जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करून देणे हा तो धंदा. आमची भट्टी तमिळनाडूत, तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणमला आहे. तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे आणि तिथले भोसल्यांचे राज्य आठवते. कुंभकोणम तिथून सुमारे ४० किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधे वसलेले देवळांचे गाव आहे. मी वर्षातले नऊ-दहा महिने वसतिगृहात असतो आणि सुटीत तिथे जातो. गावाकडे आबा ज्या खेळाला हुतूतू म्हणतात, त्यालाच तिथली म्हातारी माणसे सडुगुडु म्हणतात. पोंगलच्या दिवसांत आजूबाजूच्या खेड्यांत रात्रीचे सामने रंगतात. मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा मारतात, बांबूला दिवे बांधतात आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो.

पहिल्या कागदावर मी तीन कारणे लिहिली. एक, या भागात खेळाडू आहेत. दोन, महामहमच्या उत्सवाला कुंभकोणमला लाखो माणसे येतात, म्हणजे प्रेक्षकांची वाण नाही. तीन, एवढ्या मोठ्या तमिळनाडूला प्रो कबड्डीत एकच संघ आहे. सरांनी दहापैकी तीन गुण दिले. महामहमखाली लाल शाईने लिहिले होते, "हा उत्सव बारा वर्षांतून एकदा येतो. लीग दरवर्षी असते." आणि तळाशी, "हे उद्दिष्ट नाही, ही इच्छा आहे. सुटीत पुन्हा लिही."

सरांचे खरे होते. महामहम २०१६ मध्ये झाला आणि पुढचा २०२८ मध्ये आहे.

सुटीत मी तो कागद पप्पांना दाखवला. ते भट्टीपाशी बसले होते. वाचून म्हणाले, "वजन सांगितलंस, टंच कुठं सांगितलास?" गलाईत दागिन्याचे वजन कुणीही काट्यावर करतो. त्यात खरे सोने किती, म्हणजे टंच किती, हे काढणे हे काम. तेव्हा मी पुन्हा बसलो आणि या वेळी उद्दिष्टापासून सुरुवात केली.

उद्दिष्ट

लीगला नवा संघ कशासाठी हवा? प्रेक्षक वाढावेत, पैसा यावा आणि खेळ नव्या भागात रुजावा म्हणून. गावाला संघ कशासाठी हवा? अभिमान वाटतो हे आहेच, पण खरा फायदा तिथल्या मुलांना व्हायला हवा. म्हणून मी उद्दिष्ट असे लिहिले : "लीगला तोटा न होता, जिथले खेळाडू आज कुणाच्या नजरेस पडत नाहीत अशा भागात लीग पोचवणे." हे वाक्य लिहायला मला एक आख्खी दुपार लागली.

दुसऱ्यांच्या अनुभवावरून

आधी बर्फावरच्या हॉकीकडे पाहू, कारण त्यांनी हे प्रयोग पुष्कळ वर्षे केले आहेत. १९६७ पर्यंत त्यांच्या लीगमध्ये फक्त सहा संघ होते. त्या वर्षी त्यांनी एकदम सहा नवे संघ घेतले. आज ३२ आहेत. पण प्रत्येक पाऊल बरोबर पडले असे नाही. अटलांटा शहराला दोनदा संघ मिळाला आणि दोन्ही वेळा गेला. पहिला १९८० मध्ये कॅल्गरीला, दुसरा २०११ मध्ये विनिपेगला. फिनिक्सजवळचा ॲरिझोनाचा संघ शेवटची दोन वर्षे एका विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार आसनांच्या सभागृहात खेळला आणि २०२४ मध्ये त्याचे खेळाडू सॉल्ट लेक सिटीला गेले. अटलांटा आणि फिनिक्स ही काही लहान शहरे नाहीत. माणसे भरपूर असून भागत नाही, हे त्यावरून कळते.

मग लास व्हेगास कसे टिकले? तिथे संघ येण्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्येच, नवे बंदिस्त स्टेडियम उभे राहिले होते. लीगने होकार देण्याआधी हंगामी तिकिटांसाठी लोकांकडून इसार घेतला गेला. म्हणजे प्रेक्षक येतील का याचा अंदाज बांधला नाही, तर आधी मोजणी केली. शिवाय संघ दुबळा राहू नये म्हणून जुन्या तीस संघांकडून प्रत्येकी एक खेळाडू नव्या संघाला घेता आला. पहिल्याच मोसमात तो संघ अंतिम फेरीत पोचला आणि २०२३ मध्ये त्याने स्टॅन्ली कप जिंकला. आधी छप्पर, मग मोजलेला प्रेक्षक आणि मग संघ, हा त्यांचा क्रम.

कबड्डीचा हिशेब

आता आपला खेळ. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये आठ संघांनी सुरू झाली. त्यांत महाराष्ट्राचे दोन, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. २०१७ मध्ये चार नवे संघ आले : तमिळ थलैवाज, गुजरात, हरियाणा आणि यूपी योद्धा. तेव्हापासून संघ बाराच आहेत.

प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो असे धरू. आठ संघांचे ८ × ७ = ५६ सामने होतात. बारा संघांचे १२ × ११ = १३२. चौदा संघ केले तर १४ × १३ = १८२. रोज दोन सामने धरले तर बारा संघांना ६६ दिवस लागतात आणि चौदा संघांना ९१. दोन संघ वाढले की मोसम पंचवीस दिवसांनी लांबतो. कबड्डीत गुडघा, घोटा आणि खांदा यांची काय गत होते ते आपल्या हाउस मॅचनंतर एमआय रूममध्ये जाऊन कुणीही पाहावे. म्हणजे नवा संघ फुकट मिळत नाही, जुने खेळाडू त्याची किंमत अंगावर घेतात.

एका बाबतीत मात्र आपण बर्फाच्या हॉकीपेक्षा फार सुखी आहोत. त्यांचे मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे जवळजवळ १५८० चौरस मीटर, आणि ते सतत गोठवून ठेवावे लागते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. आपले मैदान त्यांच्या बाराव्या हिश्श्याएवढे. एक मॅट, वर छप्पर आणि भोवती बसायला जागा, एवढ्यावर सामना होतो.

२०१७ च्या चार संघांचे पुढे काय झाले तेही पाहिले. गुजरात पहिल्या दोन्ही मोसमांत अंतिम फेरीत पोचला. हरियाणाने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले. तमिळ थलैवाज मात्र सुरुवातीच्या मोसमांत तळाला राहिला. त्याची सर्वांत चांगली धाव २०२२ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि तिथे तो आपल्या पुणेरी पलटणकडून हरला. इथे माझे पहिले कारण कोसळले. भागात खेळाडू आहेत म्हणून त्या भागाचा संघ जिंकतोच असे नाही, कारण खेळाडू लिलावात विकत घेतले जातात. थलैवाजचा पहिल्या मोसमातला कर्णधार अजय ठाकूर हिमाचल प्रदेशचा होता.

याची उलटी बाजू आमच्याच जिल्ह्यात सापडली. धर्मराज चेरलाथन हे तंजावर जिल्ह्यातले. २०१६ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते. त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली पाटणा पायरेट्सने प्रो कबड्डी जिंकली. पुढे ते पुणेरी पलटण आणि यू मुंबाकडूनही खेळले. तमिळनाडूला संघ नव्हता तेव्हा तंजावरचा माणूस बिहारच्या संघाचा विजेता कर्णधार झाला. म्हणजे मोठे होण्यासाठी गावाच्या नावाचा संघ लागत नाही. मग काय लागते? कुणाच्या तरी नजरेस पडावे लागते.

घटक : कुंभकोणमचा कस

आता कुंभकोणमला एकेक कसोटी लावली.

छप्पर : लीगचे सामने दूरचित्रवाणीसाठी बंदिस्त सभागृहात होतात. पुण्याचे सामने बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाले तसे. कुंभकोणमला मी पाहिलेले सगळे सामने उघड्यावरचे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या किनारपट्टीवर ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हा तर उघड्यावर खेळणे शक्यच नाही. या कसोटीत गाव नापास.

प्रेक्षक : २०११ च्या जनगणनेत कुंभकोणमची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती. खेड्यांतले प्रेक्षक येतील, पण दोन महिने वारंवार तिकीट काढून येतील असे सांगता येत नाही. काठावर पास.

प्रवास : सर्वांत जवळचा मोठा विमानतळ त्रिचीचा, सुमारे ९० किलोमीटरवर. चेन्नई सुमारे ३०० किलोमीटर. संघाला चालेल, पण अवघड जाईल.

खेळाडू : पास. इथे मला गुण कमी करावे लागले नाहीत.

चारपैकी एकाच कसोटीत गाव नि:शंक उतरले. कागद खाली ठेवून मी बराच वेळ बाहेर जाऊन बसलो. आपल्याच गावाविरुद्ध निकाल देताना वाईट वाटते.

पर्याय

तरीही पर्याय लिहून काढायचेच होते.

पहिला पर्याय, कुंभकोणमला नवा संघ. वरच्या कारणांनी बाद.

दुसरा, त्रिचीला नवा संघ. शहर मोठे, २०११ मध्ये सुमारे साडेआठ लाख वस्तीचे. विमानतळ आहे, रेल्वेचे मोठे जंक्शन आहे आणि कावेरीच्या खोऱ्यातली खेडी हाकेच्या अंतरावर आहेत. पण नवा संघ म्हणजे लांबलेला मोसम आणि पुन्हा लिलाव. त्रिचीच्या संघात त्रिचीची मुले असतीलच असे नाही.

तिसरा, सांगली किंवा कोल्हापूरला नवा संघ. हे वाचून आबा खूश झाले असते. पण हाच आक्षेप तिथेही लागू पडतो, आणि महाराष्ट्राला आधीच दोन संघ आहेत.

चौथा पर्याय मला उशिरा सुचला. मी लीगचे मागचे मोसम तपासत होतो. २०२४ मध्ये सगळी लीग हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीन ठिकाणी झाली. २०२५ मध्ये विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार ठिकाणी. संघ बारा, ठिकाणे चार. महाराष्ट्राचे दोन संघ, पण २०२५ मध्ये महाराष्ट्रात एकही सामना नाही. मग संघांची संख्या वाढवून लीग पसरते असे म्हणायचे कसे? नकाशावर नाव लिहिले म्हणजे तिथे पोचलो असे होत नाही, हे आपल्याला मॅप रीडिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात.

म्हणून चौथा पर्याय असा : नवा संघ नको. आहेत त्याच संघांना घरच्या शहराखेरीज दुसरे घर द्यावे. थलैवाजने मोसमातले चार-सहा सामने त्रिचीला खेळावेत, पुणेरी पलटणने कोल्हापूर किंवा सांगलीला. आणि त्याच आठवड्यात, त्याच मॅटवर, आसपासच्या जिल्ह्यांतल्या मुलांची खुली निवड चाचणी घ्यावी.

हे शक्य आहे का? तमिळनाडूच्या क्रिकेटने करून दाखवले आहे. तमिळनाडू प्रीमियर लीग २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा ती केवळ चेन्नईत अडकून राहिली नाही. दिंडिगुलजवळ नत्तम इथल्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर आणि तिरुनेलवेलीजवळ शंकरनगरच्या एका सिमेंट कंपनीच्या मैदानावर सामने झाले. मैदान होते म्हणून लीग तिथे गेली. क्रिकेटला एवढे मोठे मैदान लागूनही जमले, तर १३० चौरस मीटरच्या कबड्डीला का जमू नये?

निवड

मी चौथा पर्याय निवडला. त्याला तीन अटी जोडल्या. पहिली, त्या शहरात आधी योग्य छप्पर हवे. सामना उघड्यावर नको. दुसरी, लास व्हेगासप्रमाणे तिकिटांचा इसार आधी घ्यावा. प्रेक्षक मोजून मगच तारखा द्याव्यात. तिसरी, दोन-तीन मोसम प्रेक्षक टिकले तरच त्या शहराच्या नव्या संघाचा विचार करावा. असे केले तर चूक झाली तरी फक्त चार-सहा सामन्यांचे नुकसान होते. संघ उचलून दुसऱ्या शहरात न्यायची पाळी येत नाही.

आणि कुंभकोणम? त्याच्यासाठी मी शेवटी एकच ओळ लिहिली : "येथे संघ नको, एक मॅट हवी." चुन्याच्या रेघांवर आणि मातीत खेळलेला मुलगा चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर उतरतो तेव्हा त्याचा पाय वेगळाच पडतो. वर्षभर सरावाला मॅट असेल तर तो फरक उरणार नाही.

ही ओळ मी एका मुलाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. आमच्या भट्टीच्या गल्लीत त्याच्या वडिलांचे पितळी भांड्यांचे दुकान आहे. तो माझ्याच वयाचा आहे. चढाईला गेला की तीस सेकंद त्याच्यावरून नजर हटत नाही. मागच्या वर्षी तो एका निवड चाचणीसाठी चेन्नईला गेला होता. रात्रभर बसचा प्रवास, सकाळी रांग, आणि मुले इतकी की त्याच्या वाट्याला दोन चढाया आल्या. संध्याकाळी पुन्हा बस. घरून दुसऱ्यांदा जायला परवानगी मिळाली नाही, कारण जाण्यायेण्यात दोन रात्री मोडतात आणि दुकानात माणूस कमी पडतो.

सुटी संपायच्या आदल्या रात्री त्याने मला विचारले, "काय लिहिलंस मग? आपल्या गावाला संघ मिळणार?"

मी म्हणालो, "नाही. मीच नको म्हणून लिहिलंय."

तो गप्प झाला. मग मी त्याला सगळा हिशेब सांगितला, माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये. छप्पर, प्रेक्षक, १८२ सामने, त्रिची. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "त्रिचीला सकाळच्या बसने जाऊन रात्री जेवायला घरी येता येतं. त्याला घरून नाही म्हणणार नाहीत."

एवढे मला कुठल्या घटकात लिहायचे ते सुचले नव्हते. वसतिगृहात परतल्यावर मी 'प्रवास' या मथळ्याखाली ते जोडले. आधी तिथे मी फक्त संघाच्या प्रवासाचा विचार केला होता, खेळाडू होऊ पाहणाऱ्या मुलाच्या प्रवासाचा नाही. सरांनी या वेळी दहापैकी सात गुण दिले. तीन कशाचे कापले ते विचारायला गेलो तर म्हणाले, "त्रिचीला छप्पर कुठे आहे, किती आसनांचे आहे, ते पाहून आलास का? न पाहता लिहिलेस. पुढच्या सुटीत पाहून ये."

तेव्हा पुढच्या सुटीत आम्ही दोघे सकाळच्या बसने त्रिचीला जाणार आहोत. मोजायला टेप आणि लिहायला वही घेतली आहे. तुमच्यापैकी ज्यांना आपल्या गावाला एखाद्या लीगचा संघ मिळावा असे वाटते, त्यांनीही आपल्या गावाला या चार कसोट्या लावून पाहाव्यात : छप्पर, प्रेक्षक, प्रवास, खेळाडू. आणि प्रवास मोजताना संघाबरोबर त्या मुलाचाही मोजावा.